जुना व्यावसायिक कॅमेरा की नवा हौशी?

वापरलेला डिजिटल कॅमेरा घेताना हा प्रश्न हमखास पडतो. निकॉनची दोन उदाहरणे घेऊ: २००७ सालचा व्यावसायिक 'डी३' आणि २०१५ सालचा हौशी 'डी७२००'.

प्रकाश टिपणारे सूक्ष्म घटक, म्हणजे पिक्सेल, डी३ मध्ये १ कोटी २१ लाख, तर डी७२०० मध्ये २ कोटी ४२ लाख. मात्र डी३ चा सेन्सर क्षेत्रफळाने सुमारे २.४ पट मोठा आहे. म्हणून त्याच्या प्रत्येक पिक्सेलवर साडेचार पटींहून अधिक प्रकाश पडतो.

समजा, नान्नजच्या माळावर १०० मीटरवर १ मीटर उंच काळवीट उभा आहे. ३०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाने त्याची प्रतिमा दोन्ही सेन्सरवर ३ मिलिमीटरच उंच पडेल. तेवढ्या उंचीत डी३ चे सुमारे ३५५ पिक्सेल मावतात, डी७२०० चे सुमारे ७६५. येथे बारकावे नवाच अधिक दाखवील. परंतु सिद्धेश्वर यात्रेतील नंदीध्वज रात्री जवळून टिपायचे असतील, तर जुन्याच्या चित्रात दाणे कमी दिसतील.

जुन्याचे शटर किती वेळा उघडले आहे, हेही विचारावे. त्याची चाचणी ३ लाख वेळांपर्यंतच झालेली आहे.

तेव्हा कशाचे चित्र घ्यायचे ते आधी ठरवा आणि हे गणित मांडून पाहा.