कशेळीच्या हत्तीला पाटी लावायची तर

संग्रहालयात आपण वस्तूआधी तिची पाटी वाचतो. खरं की नाही? काचेपलीकडे हजारो वर्षांची देवता उभी असते आणि आपली नजर आधी खाली जाते: काय आहे, केवढं आहे, कशाचं आहे, कुणी घडवलं, कधी घडवलं, आलं कुठून? २०२३च्या डिसेंबरात मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात भारत, इजिप्त, असिरिया, ग्रीस आणि रोम इथली प्राचीन शिल्पं शेजारी शेजारी मांडली गेली. त्यातली काही लंडन, बर्लिन आणि लॉस एंजेलिसच्या संग्रहालयांतून उसनी आली होती. त्या सगळ्यांच्या पाट्या व्यवस्थित भरलेल्या होत्या.

आता अशीच एक पाटी आपण मिळून भरू. त्यासाठी जायचं रत्नागिरीच्या दक्षिणेला. पावस मागे टाकून पूर्णगडाला या. मुचकुंदी नदी समुद्राला मिळते तिथे हा इटुकला किल्ला बसला आहे. खाडीवरचा पूल ओलांडला की गावखडी लागते आणि आणखी पुढे कनकादित्याची कशेळी. या कशेळीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, एक हत्ती कोरलेला आहे. त्याच्यासाठी लिहायची आहे आपली पाटी.

पहिली ओळ सोपी वाटते. काय आहे? हत्ती. पण जरा थांबा. त्याच्या अंगात नीट पाहिलं तर रेषा संपतच नाहीत. तिथे मासे आहेत, जनावरं आहेत, पक्षी आहेत. एका हत्तीच्या बाह्यरेषेत पाण्यातली, जमिनीवरची आणि हवेतली अशी सगळी प्राणिसृष्टी कुणीतरी भरून ठेवली आहे. हा एकच हत्ती म्हणायचा, की हत्तीच्या आकाराचं अख्खं दालन? पहिल्याच ओळीला पेन अडतं.

दुसरी ओळ: केवढा आहे? सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद. खरा थोराड हत्ती सोंडेपासून शेपटीपर्यंत साधारण सहा मीटर भरतो. म्हणजे हा त्याच्या तिप्पट! भारतात माहीत असलेल्या कातळावरच्या कोरीव चित्रांत हे सर्वांत मोठं मानलं जातं. आणि आता खरा चमत्कार बघा. हा हत्ती सपाट जमिनीवर आहे. त्याच्या शेजारी उभं राहिलं तर पाय दिसतात, सोंड दिसते, पाठीचा तुकडा दिसतो, पण अख्खा हत्ती काही एका नजरेत नीट मावत नाही. तो आज आपल्याला पूर्ण दिसतो, कारण आपण ड्रोन उडवतो. मग ज्यानं कोरला, त्यानं तो पाहिला कुठून? झाड नाही, टेकाड नाही, शिडी लावायला भिंत नाही. पाठीची रेषा कोरताना त्याला सोंड दिसत नसणार, आणि तरीही प्रमाण चुकलेलं नाही. हत्ती आधी त्याच्या डोक्यात पुरा झाला होता, कातळावर तो नंतर उतरला.

तिसरी ओळ: कशाचा आहे? जांभ्याचा. कोकणातल्या माणसाला जांभ्याचं कौतुक ते काय! घराच्या भिंती त्याच्या, विहिरीचं बांधकाम त्याचं, गडग्यापासून देवळाच्या जोत्यापर्यंत सगळीकडे चिराच. पूर्णगडाची तटबंदीसुद्धा जांभ्याचीच. पण हा दगड तयार कसा झाला, हे ऐकलंत तर अंगणातल्या पायरीकडेही वेगळ्या नजरेनं बघाल.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून इथला काळा पाषाण थिजला. मग त्याच्यावर उष्ण हवा आणि अफाट पाऊस यांचं काम सुरू झालं. उकळत्या पाण्यानं चहाच्या पुडीतला रंग, वास, चव सगळं काढून न्यावं आणि गाळण्यात चोथा राहावा, तसं पावसानं त्या पाषाणातली सिलिका, चुना, सोडा, पोटॅश हे सारं विरघळवून वाहून नेलं. मागे राहिली ती न विरघळणारी लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. जांभ्याचा तांबडा रंग म्हणजे शब्दशः गंज! आणि हा दगड खाणीतून ओला काढला की मऊ असतो, हत्यारानं कापता येतो. वारा आणि ऊन लागलं की तो कडक होत जातो. चिरेखाणीवरच्या कामगारांना हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे.

सड्यावर हेच निसर्गानं आपण होऊन केलं आहे. वरचा थर वाऱ्यापावसात कडक होऊन गेला आणि मैलोन् मैल पसरलेली एक तांबूस-काळी पाटी तयार झाली. तिच्यावर माती नाही, त्यामुळे नांगर नाही. नांगर नाही, त्यामुळे वस्तीही विरळ. सातबाऱ्यावर जिला पड म्हणतात अशी ही जमीन. तिच्या नापीकपणानंच ही चित्रं राखली. सुपीक जागी ती कोरली असती, तर कधीच नांगराखाली किंवा घराच्या पायाखाली गेली असती.

चौथी ओळ: कसं कोरलं? कातळाच्या पाठीवर काही सेंटीमीटर खोल चर खणून. कुठे नुसती बाह्यरेषा आहे, तर कुठे आतला भाग खरवडून आकार उठवला आहे. लोखंड हाती असेल, तर छिन्नी-हातोडी. लोखंड नसेल, तर? काळा पाषाण जांभ्यापेक्षा कठीण असतो. त्याचा टोकदार तुकडा घेऊन ठोकत बसलं, तर जांभा हार मानतो. पण किती दिवस? किती हात? पोटासाठी रोज शिकार आणि कंदमुळं शोधणाऱ्या टोळीतल्या माणसांनी हे केलं असेल, तर त्यांना तेवढा काळ इतर कुणीतरी जेवू घातलं असणार. चित्र काढणाऱ्याला समाजानं पोसलं, याचा हा केवढा जुना पुरावा ठरेल!

आणि प्रकाशयोजना? संग्रहालयं दिव्यांच्या कोनावर खूप खर्च करतात. इथे ते काम सूर्य फुकट करतो. भर दुपारी सड्यावर गेलात, तर चित्र जवळजवळ पुसलेलं असतं, कारण चरात सावली पडत नाही. सकाळी किंवा मावळतीला ऊन तिरपं आलं की प्रत्येक चर काळ्या रेघेनं भरतो आणि कातळावर जनावरं उठून उभी राहतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त कोसळणाऱ्या पावसात हेच चर पाण्यानं भरतात, मग त्यांत माती साचते, गवत धरतं. अशी मातीनं बुजलेली चित्रं माणसाच्या पायाखालून जात राहिली आणि कुणाला कळलंही नाही.

म्हणजे कुणालाच कळलं नाही का? गुराख्यांना कळलं होतं. सड्यावर गुरं नेणाऱ्या माणसांना कुठे काय कोरलंय ते पाठ होतं. फक्त त्यांना कुणी विचारलं नव्हतं. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकुरदेसाई यांनी गेल्या दशकात गावोगाव फिरून ते विचारायला सुरुवात केली. एका गावातल्या म्हाताऱ्यानं एक जागा दाखवली, तिथून दुसरीचा माग लागला. आज रत्नागिरी जिल्ह्यातच ७०हून अधिक ठिकाणी दीड हजारांवर चित्रं नोंदली गेली आहेत. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणच्या कातळशिल्पांचं नाव आलं. त्यात नऊ जागा आहेत: रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, जांभरुण आणि उक्षी, सिंधुदुर्गातली कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळ.

आता पाटीवरची सगळ्यांत अवघड ओळ: कधीचं?

कोळशाचा तुकडा किंवा हाड सापडलं, तर कार्बनवरून वय काढता येतं. उघड्या कातळावर ना कोळसा ना हाड. दगडाचं वय काढून उपयोग नाही, कारण आपल्याला वय हवंय ते चराचं. मग काय करायचं? चित्रांनाच विचारायचं. गुप्तहेर खोलीत काय आहे याबरोबरच काय नाही हेही बघतो, तसं या चित्रांत काय नाही ते बघा. नांगर नाही. पेरणी नाही. शेतीचं एकही दृश्य नाही. जनावरं मात्र भरभरून. म्हणून अभ्यासकांनी तर्क केला, की यातली जुनी चित्रं शेती सुरू होण्याआधीच्या शिकारी माणसांची असावीत. युनेस्कोकडच्या नोंदीत हा काळ मध्याश्मयुगापासून, म्हणजे सुमारे बारा हजार वर्षांपूर्वीपासून, आरंभीच्या ऐतिहासिक काळापर्यंत पसरलेला धरला आहे.

दुसरा साक्षीदार गेंडा. काही चित्रांत गेंडा ओळखू येतो. कोकणात गेंडा? आज तो पाहायला आसामसारख्या दूरच्या प्रदेशात जावं लागतं. पण गुजरातेतल्या लांघणज इथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया यांनी उत्खनन केलं, तेव्हा मध्याश्मयुगीन वस्तीत गेंड्याच्या खांद्याचं हाड निघालं होतं. त्या माणसांनी त्याचा ऐरणीसारखा वापर केला होता! म्हणजे पश्चिम भारतात गेंडा होता आणि माणसाच्या चांगला ओळखीचा होता. एका आकृतीत तर पाणघोडा असल्याचं काहींना वाटतं. त्यावर वाद आहे, पण पाणघोड्याचे जीवाश्म नर्मदेच्या आणि गोदावरीच्या खोऱ्यांत खरोखर सापडले आहेत.

आणि तिसरा साक्षीदार सगळ्यांत खोडकर: समुद्र. चित्रांत मासे आहेत, कासवं आहेत, पाकट आहे. पण बारा हजार वर्षांपूर्वी पृथ्वीवरचं बरंच पाणी बर्फात अडकलेलं होतं आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा ५०-६० मीटर खाली होती. तेव्हा पूर्णगडाच्या बुरुजाच्या जागी उभं राहून पश्चिमेला पाहिलं असतं, तर लाटा दिसल्याच नसत्या. कित्येक किलोमीटर जमीन दिसली असती. मग पाकट काढणारा माणूस तेवढं चालून किनाऱ्यावर जात होता? की ते चित्र फार नंतरचं, समुद्र वर चढून आल्यावरचं? एक साधा मासा केवढा प्रश्न टाकतो बघा.

उत्तराची एक वाट इंग्लंडमध्ये सापडली आहे. तिथे अफिंग्टनच्या टेकडीवर खडूच्या पांढऱ्या रेषांनी काढलेला शंभरेक मीटर लांबीचा घोडा आहे. १९९०च्या दशकात त्याच्या रेषांखालच्या मातीतल्या कणांवरून त्याचं वय काढलं गेलं. मातीतला क्वार्ट्‌झचा कण शेवटचं ऊन कधी लागलं त्याची नोंद जणू स्वतःत ठेवतो. अंधारात गाडला गेला की त्यात ऊर्जा साठत जाते आणि ती मोजता येते. घोडा जवळजवळ तीन हजार वर्षांचा निघाला. कातळशिल्पांच्या चरांत साचलेली माती म्हणूनच कचरा समजून खरवडून टाकायची नसते. कदाचित तारीख तिच्यातच दडलेली असेल.

कुणी, ही ओळ तर कोरीच राहते. पण बारसूच्या सड्यावर गेलात, तर एक माणूस दिसेल, दोन्ही हातांनी दोन वाघांना दूर धरणारा. अगदी अशीच मांडणी मोहेंजोदडोच्या मुद्रेवर आहे आणि मेसोपोटेमियाच्या मुद्रांवरही. ही कल्पना समुद्रावरून आली, की प्रत्येक ठिकाणच्या माणसाला स्वतंत्रपणे सुचली? तो माणूस सांगत नाही. वाघ सोडत नाही.

शेवटची ओळ: कुठून आणलं? इथे पाटी कोलमडते. संग्रहालयातली प्रत्येक वस्तू कुठून तरी आणलेली असते. रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यात सरकारी संग्रहालय आहे, पण हा हत्ती तिथे नेता येणार नाही. उचलायचा म्हटला तर सडाच उचलावा लागेल. तो उसना देता येत नाही, काचेत ठेवता येत नाही, त्याची दुसरी प्रत नाही.

आणि ज्या जमिनीच्या निरुपयोगीपणानं तो वाचला, ती जमीन आता निरुपयोगी राहिलेली नाही. चिरेखाणीला कातळ हवा, रस्त्याला कातळ हवा, हापूसच्या कलमांसाठी सुरुंग लावून कातळात खड्डे हवेत. २०२३ साली बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं आणि मोठं आंदोलन पेटलं, तेव्हा कातळशिल्प हा शब्द राज्यभरच्या बातम्यांत पोचला. पण बाकीच्या शेकडो चित्रांसाठी बातमी येणार नाही. एक जेसीबी, एक सकाळ, आणि संपलं. उक्षीच्या हत्तीभोवती कठडा आहे. बहुतेक चित्रांभोवती काहीच नाही.

तेव्हा पूर्णगडापर्यंत आलात, तर किल्ला बघून परत फिरू नका. पूल ओलांडून कशेळीला जा, तेही ऊन तिरपं असताना. गावातल्या माणसाला सोबत घ्या आणि जमीन त्याची असते, हे विसरू नका. फोटो चांगला यावा म्हणून रेषांत खडू किंवा रांगोळी भरू नका, चरातली माती उकरू नका, हत्तीच्या अंगावर चालू नका. आणि तुमच्याच गावाच्या सड्यावर असं काही कोरलेलं तुमच्या आजोबांना माहीत असेल, तर ते आजच विचारून घ्या आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. या प्रदर्शनाला तिकीट नाही, पहारेकरीही नाही. ते काम आपलंच आहे.