ब्रायडल शॉवरचा आयरिश बेत: सुरुवात ब्रेडपासून

आयरिश मैत्रिणीचं लग्न ठरलं आणि ब्रायडल शॉवरच्या खाण्याची जबाबदारी आपल्यावर आली, की बहुतेकांना आधी हिरवा रंग सुचतो. हिरवं क्रीम, हिरवं सरबत, शॅमरॉकच्या, म्हणजे तिपानी रोपाच्या, आकाराची बिस्किटं. ही सजावट सेंट पॅट्रिक्स डेच्या मिरवणुकीत शोभते, पण आयरिश घरातल्या टेबलावर ती सापडत नाही. तिथल्या खाण्याचा जीव लोणी, ताक, बटाटा आणि चहा यांत आहे. या चार गोष्टी नीट जमल्या, तर वधूच्या आजीलाही हे आपल्या घरचं जेवण वाटेल.

ब्रायडल शॉवर म्हणजे लग्नाआधी मैत्रिणी आणि घरातल्या बायका जमून वधूला भेटवस्तू देतात तो कार्यक्रम. आपल्या केळवणासारखंच इथेही कौतुक वधूचं, पण ताट वाढून पंगत नसते. ही प्रथा अमेरिकेतली. खुद्द आयर्लंडमध्ये लग्नाआधीच्या ‘हेन पार्टी’ची, म्हणजे वधूने मैत्रिणींसोबत केलेल्या मौजमजेची, रीत जास्त रुजलेली आहे. शॉवर बहुधा दुपारी असतो आणि भेटी उघडताना सगळ्यांच्या मांडीवर कागद, फिती, खोके असतात. म्हणून एका हाताने खाता येईल किंवा छोट्या वाटीत चमच्याने संपेल, असेच पदार्थ निवडा. सुरीने कापून खावा लागणारा पदार्थ इथे हमखास पडून राहतो.

पहिलं काम पाहुण्यांच्या यादीचं. कोण शाकाहारी, कोणाला गहू चालत नाही, कोण मद्य घेत नाही, हे आमंत्रणासोबतच विचारून घ्या. यादीत गरोदर बाई असेल तर स्मोक्ड साल्मन, म्हणजे धुरी दिलेला न शिजवलेला मासा, आणि कच्च्या दुधाचं मऊ चीज तिच्यासाठी बाजूला ठेवावं लागेल, कारण त्यांतून लिस्टेरिया या जंतूचा संसर्ग होऊ शकतो. पुढची मापं वीस जणींसाठी धरली आहेत.

मग वधूच्या घरी विचारा: त्यांचं आयर्लंड कोणतं? बॉस्टन किंवा शिकागोत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कुटुंबाला कॉर्न्ड बीफ आणि कोबी हा आपलाच पदार्थ वाटतो. आयर्लंडमध्ये मात्र कोबीसोबत खारवलेलं डुकराचं मांस शिजतं. अमेरिकेत आलेल्या आयरिश लोकांना तिथे खारवलेलं गोमांस सहज मिळालं आणि पदार्थ बदलला. दोन्ही परंपरा खऱ्या आहेत, पण कोणत्या घरात कोणती हे न विचारता ठरवलं तर पाहुणे अवघडतात.

आता ब्रेड. बाकीचा सगळा बेत याच्याभोवती रचायचा आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

आयर्लंडच्या ओल्या, थंड हवेत पिकणारा गहू मऊ असतो. त्यात चिकटपणा देणारं ग्लूटेन हे प्रथिन कमी असल्यामुळे यीस्टचा ब्रेड नीट फुगत नाही. 1830 च्या दशकापासून खायचा सोडा तिथे मिळू लागला, आणि घरोघरी लोणी काढल्यावर उरणारं आंबट ताक होतंच. ताकातलं आम्ल आणि सोडा एकत्र आले की लगेच कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि पीठ हलकं होतं. आंबवणं नाही, मळणं नाही.

एका ब्रेडला 225 ग्रॅम जाडसर गव्हाचं पीठ, 225 ग्रॅम मैदा, सपाट चमचाभर सोडा, चमचाभर मीठ आणि साधारण 400 मिलिलिटर ताक लागतं. ओव्हन आधी 230 अंश सेल्सियसपर्यंत तापवा. सोडा चाळून घ्या. त्याची गुठळी राहिली तर ब्रेडमध्ये पिवळे, कडू ठिपके दिसतात. मधोमध खड्डा करून ताक ओता, हाताची बोटं फाकवून बाहेरच्या बाजूला गोल फिरवा, आणि पीठ एकत्र आलं की थांबा.

इथेच पोळ्या करणाऱ्या हातांचा घोटाळा होतो. आपल्याला कणीक तिंबायची सवय; हे पीठ मात्र मळलं की ब्रेड दगडासारखा होतो. ते ओलसर, थोडं बेढब दिसलं पाहिजे. हलक्या हाताने गोल आकार द्या, वर सुरीने खोल फुली मारा आणि लगेच ओव्हनमध्ये सरकवा, कारण वायू सुटायला सुरुवात झालेली असते. फोन घेण्यापुरतंही ते ओट्यावर ठेवू नका. फुलीमुळे उष्णता मधल्या भागापर्यंत पोचते. आयर्लंडमधली म्हातारी माणसं म्हणतात की त्यातून पऱ्या बाहेर पडतात. पंधरा मिनिटांनी आच 200 अंशांवर आणून आणखी पंचवीस-तीस मिनिटं भाजा. ब्रेड उलटा धरून बुडाला टिचकी मारली की पोकळ, खणखणीत आवाज यायला हवा. दबका आवाज आला तर आतून कच्चा आहे.

ताकाबद्दल एक सूचना. जेवणानंतर पितो तसं पातळ ताक इथे चालत नाही. दुकानात मिळणारं दाट बटरमिल्क घ्या, किंवा तीन वाट्या आंबट दह्यात एक वाटी पाणी घालून घुसळा. अमेरिकेत पीठ घेताना ‘ब्रेड फ्लावर’ टाळा, त्यात ग्लूटेन जास्त असतं. साधा ‘ऑल पर्पज’ मैदा घ्या.

वीस जणींना असे तीन ब्रेड पुरतात. ते कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच भाजा. सोडा ब्रेड दुसऱ्या दिवशी कोरडा पडतो, आणि गरम कापला तर त्याचा भुगा होतो. म्हणून पूर्ण निवल्यावर दातेरी सुरीने पातळ कापा. त्यावर खारं लोणी सढळ हाताने लावा, पापुद्र्यासारखं नाही. निम्म्या तुकड्यांवर साल्मनची घडी आणि लिंबाचे दोन थेंब. दरडोई 40 ते 50 ग्रॅम मासा म्हणजे एकूण किलोभर. उरलेल्यांवर आयरिश चेडर किंवा टिपरेरीच्या कॅशेल ब्लू या निळ्या बुरशीच्या चीजचा तुकडा, सोबत सफरचंदाची फोड. काटेकोर शाकाहारी पाहुण्यांसाठी चीजच्या वेष्टनावर रेनेट कोणतं आहे ते वाचा. रेनेट म्हणजे दूध फाडणारा पदार्थ. तो वासराच्या पोटातूनही काढतात.

गरम पदार्थ एकच ठेवा: कॉलकॅनन, म्हणजे कुस्करलेल्या बटाट्यात शिजवलेला केल किंवा कोबी, पातीचा कांदा, गरम दूध आणि लोणी. दोन किलो पिठूळ बटाटे घ्या. आयर्लंडमध्ये रूस्टर किंवा केर्स पिंक, अमेरिकेत रसेट. बटाटे हातानेच कुस्करा. मिक्सरमध्ये घातले की त्यांचा डिंक होतो. दूध थंड घातलं तरी लगदा जड होतो. छोट्या वाट्यांत वाढून मधोमध खळगा करा आणि त्यात लोण्याचा तुकडा वितळू द्या. ही वाटी आजवर कोणी उरवलेली मला माहीत नाही.

गोडासाठी बार्मब्रॅक निवडा, कारण त्यात लग्नाचीच गोष्ट दडलेली आहे. मनुका-बेदाण्यांचा हा केकसारखा ब्रेड हॅलोविनला करतात. पूर्वी त्यात अंगठी, नाणं, चिंधी, काटकी आणि वाटाणा लपवत. अंगठी जिला मिळेल तिचं वर्षाच्या आत लग्न, नाणं म्हणजे श्रीमंती, चिंधी म्हणजे गरिबी, काटकी म्हणजे दुःखी संसार आणि वाटाणा म्हणजे यंदा लग्न नाही. शॉवरला फक्त अंगठी ठेवा. ती बेकिंगच्या कागदात गुंडाळा आणि कापण्याआधी सगळ्यांना सांगा, नाहीतर ती कुणाच्या दातात किंवा घशात जाईल.

यीस्टचा ब्रॅक वेळखाऊ असतो, चहातला सोपा. 350 ग्रॅम सुकी फळं 300 मिलिलिटर कडक, कोऱ्या चहात रात्रभर भिजवा. सकाळी त्यात 175 ग्रॅम ब्राउन शुगर, एक अंडं, 225 ग्रॅम सेल्फ रेझिंग मैदा आणि थोडी दालचिनी-जायफळ पूड घालून 170 अंशांवर तासभर भाजा. वीस जणींना दोन करा. सोडा ब्रेडच्या उलट हा दोन दिवस आधी करून गुंडाळून ठेवला तर जास्त मऊ लागतो, त्यामुळे शेवटच्या दिवसाचा ताणही कमी होतो. अंडं न खाणाऱ्यांसाठी वाटीभर स्ट्रॉबेरी आणि फेटलेलं क्रीम पुरे.

पेयांत चहा मुख्य. आयरिश माणूस तो चांगला कडक आणि दूध घालून पितो. तिथल्या मिश्रणांत आसाम आणि पूर्व आफ्रिकेची पत्ती असते, म्हणून आपल्याकडची आसाम पत्ती उत्तम चालते. मात्र दूध-साखर घालून उकळू नका. किटलीत पत्तीवर खळखळतं पाणी ओता, चार-पाच मिनिटं मुरू द्या आणि दूध वेगळं ठेवा.

आयरिश कॉफी शेवटी, हवी असेल त्यांनाच. लिमरिकमधल्या फॉइन्स इथे सी-प्लेनच्या तळावर थंडीत कुडकुडत आलेल्या प्रवाशांसाठी जो शेरिडन या आचाऱ्याने 1940 च्या दशकात ती केली. गरम कॉफीत आधी साखर पूर्ण विरघळवा. साखरेने कॉफी जड होते आणि क्रीम वर तरंगतं. मग व्हिस्की. क्रीम किंचित दाट होईल इतकंच फेटा आणि उलट्या चमच्यावरून हळूच सोडा. जास्त फेटलं तर गोळा होऊन बसतं, कमी फेटलं तर खाली मिसळतं. मद्य नको असेल त्यांना व्हिस्की वगळून तसाच पेला करून द्या. साखर असली की क्रीम तिथेही तरंगतं.