सांभाळण्यातलं सुख कधी टिकतं?

दुपारचे बारा वाजलेत. पक्षाघातानंतर अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना ताठ बसवायचं, मऊ भाताचे छोटे घास भरवायचे, ठसका लागला की थांबायचं आणि जेवण झाल्यावरही अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. एका जेवणाला तास-सव्वा तास जातो. ‘आज आई सगळं जेवल्या’ असं नवऱ्याला फोनवर सांगताना सुनेच्या आवाजात जे समाधान असतं, ते खोटं नसतं. रात्री तीनदा उठावं लागल्यामुळे तिचं डोकं ठणकत असतं, तेही खोटं नसतं.

संशोधनातही या दोन्ही बाजू दिसतात. अमेरिकेत १९९५मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांना सांभाळणाऱ्या १३ स्त्रियांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम करण्यात आली. तेवढ्याच वयाच्या, पण अशी जबाबदारी नसलेल्या स्त्रियांपेक्षा त्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. १९९९मध्ये आणखी गंभीर निष्कर्ष समोर आला. आजारी जोडीदाराची शुश्रूषा करताना ताण जाणवणाऱ्या वृद्धांमध्ये चार वर्षांतला मृत्यूचा धोका ६३ टक्क्यांनी जास्त होता.

हा आकडा गाजला. त्याच अभ्यासातली दुसरी नोंद मात्र फारशी कुणी सांगत नाही. शुश्रूषा करूनही ज्यांना ताण जाणवत नव्हता, त्यांचा धोका लक्षणीय वाढलेला नव्हता. पुढे २००३मध्ये ४२३ वृद्ध जोडप्यांच्या पाहणीत दिसलं, की इतरांना आधार देणाऱ्यांमध्ये पाच वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण कमी होतं. नुसता आधार मिळण्याचा तसा फायदा दिसला नाही. २०१३च्या मोठ्या अभ्यासात तर कुटुंबीयांची काळजी घेणाऱ्या साडेतीन हजार जणांचा मृत्युदर तितक्याच इतरांपेक्षा १८ टक्क्यांनी कमी निघाला. मुळात धडधाकट माणसंच ही जबाबदारी उचलत असतील, ही शंका रास्त आहे. म्हणून तुलना करताना वय, आजार, सवयी जुळवून घेतल्या होत्या. तरीही शंका पूर्ण फिटत नाही.

पण एवढं नक्की, की सेवा म्हणजे शरीराची झीजच, असं नाही. मोडलेली झोप, सुट्टीच नसणं आणि ‘मी एकटीच आहे’ ही भावना जास्त घातक असते. आपल्याकडे हा भार कुणावर पडतो, हे सांगायला नको. देशाच्या २०२४च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला २८९ मिनिटं देतात, तर पुरुष ८८. शुश्रूषेचा वेळ त्यात धरलेलाच नाही. ‘तिला आवडतं करायला’ म्हणणाऱ्या घरांनी हे आकडे जरूर वाचावेत.

‘काही मदत हवी का?’ असं विचारण्यापेक्षा कामं ठरवून घेतलेली बरी. रात्री कूस बदलायला आठवड्यातून तीन दिवस मुलानं उठायचं. परगावच्या नणंदेनं औषधांचा आणि मदतनीस मावशींच्या पगाराचा हिशेब पाहायचा, वर्षातून पंधरा दिवस येऊन राहायचं. सांभाळणाऱ्या व्यक्तीनं स्वतःची रक्तदाबाची गोळी चुकवू नये. निवांत वेळ मिळूनही झोप येत नसेल, रुग्णावर वारंवार चिडचिड होत असेल, तर डॉक्टरांना सांगावं. त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. ज्येष्ठांसाठीच्या सेवांची माहिती १४५६७ या मोफत हेल्पलाइनवर सकाळी आठ ते रात्री आठपर्यंत मिळते.

सवय व्हायला वेळ लागतो. मुलगा पहिल्यांदा भरवतो तेव्हा चादरीवर वरण सांडतं, आई निम्मंच जेवते. अशा वेळी सुनेला सर्वांत अवघड जातं ते मदतीला न धावता स्वयंपाकघरात बसून राहणं.