चढणीचे मासे आणि त्यांची उतरण

जूनमध्ये घाटमाथ्यावर पाऊस लागला आणि कृष्णेला तांबूस पाणी आलं, की सातारा-सांगलीच्या नदीकाठी चढणीच्या माशांची चर्चा सुरू होते. बंधाऱ्याखाली, ओढ्याच्या तोंडाशी, शेतातून नदीला मिळणाऱ्या चरांपाशी माणसं जाळी घेऊन उभी राहतात. अंडी घालायला वरच्या अंगाला निघालेला मासा या दिवसांत सहज सापडतो. त्याच्या पोटात गाभोळी असते, म्हणून मागणीही असते. माशांच्या स्थलांतराचा अभ्यास करणाऱ्या जीवशास्त्रज्ञाचा हंगाम म्हणजे हाच, असं आपल्याला वाटतं. पण त्याचं काम वर्षभर चालतं, आणि त्यातला अवघड भाग पावसाळा सरल्यावर येतो. वर गेलेले मासे आणि त्यांची पिल्लं खाली परतली का, हे तेव्हा शोधायचं असतं.

आधी नदीची रचना पाहू. कृष्णा सुमारे १,३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरात उगम पावते आणि सांगलीला पोचेपर्यंत ५५० मीटरांच्या आसपास येते. यातली बहुतेक उंची ती वाईच्या आधीच उतरून टाकते. साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णा, कराडला कोयना, ब्रह्मनाळला येरळा, हरिपूरला वारणा तिला मिळते. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. सांगलीत त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणजे सांगलीच्या डोहातल्या माशाला पावसाळा कळतो तो डोक्यावरच्या ढगांमुळे कमी आणि शंभरेक किलोमीटर वर पडलेल्या पावसामुळे जास्त. पाणी चढतं, गढूळ होतं, थोडं गार होतं, प्रवाहाला जोर येतो. या खुणा एकत्र आल्या की पक्व झालेला मासा प्रवाहाच्या विरुद्ध निघतो.

या खुणाच आता उशिरा येतात, आणि माझ्या मते इथला सगळा विषय याच गोष्टीभोवती फिरतो. धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी, कोयना, वारणा या धरणांची कामाची रीतच अशी की उन्हाळ्यात रिकामी झालेली जागा त्यांनी पावसाच्या पहिल्या पाण्याने भरून घ्यायची. जून-जुलैचे सुरुवातीचे लोंढे धरणात थांबतात. खालच्या नदीला मिळतं ते धरणाखालच्या ओढ्या-नाल्यांचं पाणी, आणि मग जुलै-ऑगस्टमध्ये धरणं भरत आली की एकदम मोठा विसर्ग. मासा मात्र दिवसाची लांबी आणि पाण्याचं तापमान यांच्या हिशेबाने मे-जूनमध्येच तयार झालेला असतो.

निघणारे मासे सगळे एका जातीचे नसतात. तांबीर, कानशी यांसारखे लेबिओ वंशातले मासे पुराच्या पसरट पाण्यात अंडी सोडतात. ती पाणी शोषून फुगतात, प्रवाहाबरोबर वाहतात आणि दिवसभरातच फुटतात. खडशीची, म्हणजे आपल्या दख्खनी महसीरची गोष्ट वेगळी. तिला खडी-गोट्यांचा तळ आणि स्वच्छ, खळाळतं पाणी लागतं. तिची अंडी जड असतात, ती गोट्यांच्या फटीत बसतात आणि त्यातून पिल्लं निघायला काही दिवस जातात. तळाची वाळू-खडी उपसून नेली असेल, तर खडशी तिथवर पोचूनही काही उपयोग नाही. मळ्यासारखे छोटे मासे ओठांमागच्या चकतीने दगडाला चिकटून ओल्या भिंतीवरूनही वर सरकतात. त्यामुळे ‘हा बंधारा मासा ओलांडतो का?’ या प्रश्नाला एक उत्तर नसतं. कोणता मासा, किती मोठा, नदीची पातळी किती, हे विचारल्याशिवाय तो प्रश्न पुरा होत नाही.

हे शिकायला कराडइतकी चांगली जागा शोधून सापडणार नाही. प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात आणि एकत्र होऊन पूर्वेला वळतात. सांगलीकडून वर आलेल्या माशापुढे इथे दोन वाटा असतात. कृष्णेच्या वाटेवर थोड्याच अंतरावर खोडशीचा बंधारा आहे, १८६० च्या दशकात कृष्णा कालव्यासाठी बांधलेला. कोयनेच्या वाटेवर शेवटी शंभर मीटरांहून उंच धरण आहे. त्या धरणाचं ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी दरवर्षी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवता येतं आणि ते वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जातं. पूर्वेला येणाऱ्या पाण्याचा बराचसा भाग पायथ्याच्या वीजगृहातून येतो. हे पाणी धरणाच्या खोल थरातलं, म्हणून गार असतं. संगमावर दोन्ही बाजूंचं तापमान, गढूळपणा आणि विरघळलेला ऑक्सिजन रोज मोजला आणि कोणत्या फाट्यात कोणते मासे शिरले हे नोंदवलं, तर माशांचा कल समजू लागतो.

ही नोंद कशी होते ते सावकाश पाहू. पहिलं साधन जुनंच आहे: जाळं. पण अभ्यासाचं जाळं प्रत्येक वेळी त्याच आसाचं, तेवढ्याच लांबीचं, तेवढेच तास आणि त्याच जागी लावावं लागतं. तरच जुलैच्या पाच माशांची मार्चच्या दोन माशांशी तुलना करता येते. बंधाऱ्याच्या खाली आणि वर अशी एकाच वेळी दोन जाळी लावतात. खाली गर्दी आणि वर शुकशुकाट असेल, तर बंधारा अडवतो आहे असा संशय घ्यायचा. खोडशीसारख्या पक्क्या बंधाऱ्यावर मोठ्या पुरात खालची पातळी वाढत वाढत वरच्या पातळीला भिडते आणि भिंत जवळजवळ बुडते. ते काही तास किंवा काही दिवस मोठ्या माशांसाठी दार उघडं असतं. म्हणून पाणीपातळीचा तक्ता मासे मोजण्याइतकाच महत्त्वाचा. सांगलीत आयर्विन पुलाची पट्टी लोक पुराच्या भीतीने बघतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका, हे तिथे शाळकरी मुलांनाही पाठ असतं. मासे अभ्यासणाऱ्याला याच पट्टीचे १० ते ३० फुटांमधले चढउतार हवे असतात, आणि ते बातम्यांत येत नाहीत.

दुसरं साधन म्हणजे भोई आणि बाजार. कोणत्या आठवड्यात कोणता मासा येतो, त्यात गाभोळीवाल्या माद्या किती, हे मासळीवालीला ठाऊक असतं. अभ्यासक गाभोळीचं वजन माशाच्या वजनाच्या किती टक्के आहे ते काढतो. ही टक्केवारी मे-जूनमध्ये चढते आणि एखाद्या पंधरवड्यात कोसळते. ती कोसळली की अंडी घातली गेली. कोसळलीच नाही आणि सप्टेंबरमध्ये गाभोळी पोटातच विरघळताना दिसली, तर मादीला जागा किंवा पाणी मिळालं नाही, असा अर्थ निघू शकतो. बाजारातल्या गाभोळीवरून नदीच्या प्रकृतीचं इतकं कळतं, हे मला या साऱ्या शास्त्रातलं सर्वांत सुंदर वाटतं.

तिसरं साधन खुणेचं. मासा पकडायचा, लवंगेच्या तेलातल्या द्रव्याने थोडा वेळ बधिर करायचा, खूण घालायची, शुद्धीवर आला की सोडायचा. खुणेचं वजन माशाच्या वजनाच्या दोन टक्क्यांपेक्षा कमी ठेवावं, असा दंडक आहे. पिट टॅग नावाची खूण म्हणजे साधारण १२ मिलिमीटरची काचेची कुपी. तिच्यात बॅटरी नसते. वाचक यंत्राच्या वेटोळ्याजवळून मासा गेला की त्या वेटोळ्याच्या ऊर्जेने कुपी जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. कुपी वर्षानुवर्षं टिकते, पण तिचा पल्ला हातभराचाच. रुंद नदीत ती निरुपयोगी ठरते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे अरुंद गाळे मात्र तिच्यासाठी जणू बेतलेलेच आहेत. प्रत्येक गाळ्याला एक वेटोळं बसवलं, तर कोणता मासा कधी वर गेला आणि कधी परतला, दोन्ही कळेल. रेडिओ टॅग लांबून ऐकू येतो, पण पाणी खोल झालं की त्याचा आवाज बुडतो. वाईच्या वरच्या उथळ पाण्यात तो चालेल, सांगलीच्या पुरात नाही.

चौथं साधन माशाच्या कानातला खडा. त्यावर झाडाच्या खोडासारखी वलयं असतात आणि वयाचा हिशेब लागतो. खड्यातल्या स्ट्रॉन्शियमवरून मासा कोणत्या खडकावरच्या पाण्यात वाढला हेही जगभर ओळखतात. इथे मात्र अडचण आहे: सातारा काय, सांगली काय, खाली सगळा दख्खनचा काळा बेसॉल्ट. त्यामुळे वाईचा मासा आणि औदुंबरचा मासा खड्यावरून वेगळे काढणं कठीण.

पुरावा तपासताना एक सावधगिरी लागते. बंधाऱ्याच्या वर एखादा मासा सापडला म्हणून तो चढून आला असं होत नाही. जलाशयांत कटला, रोहूचं बीज सोडतात. महसीरचं बीजही लोणावळ्याजवळ टाटा कंपनीच्या वळवण इथल्या केंद्रात तयार होत आलं आहे, आणि सी. व्ही. कुलकर्णी व एस. एन. ओगले यांनी तिथे केलेलं प्रजननाचं काम मोलाचं आहे. पण सोडलेला मासा आणि चालून आलेला मासा दिसायला सारखेच. जुनी यादी हाताशी असेल तर मदत होते. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं प्रसिद्ध केली, खडशीचं शास्त्रीय नाव त्यांनीच दिलेलं. अलीकडे कोयनेच्या माशांची यादी २०११ मध्ये आणि वाईजवळच्या कृष्णेची २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्हींत पन्नासहून अधिक जाती आहेत.

साइक्स यांच्या यादीत अहीरही आहे. हा मासा खडशीच्या उलट वागतो: नदीत वाढतो आणि अंडी घालायला समुद्रात जातो. दख्खनच्या पठारावरच्या मोठ्या नद्या बंगालच्या उपसागराला मिळतात, म्हणजे त्या काळी अहिराची बोटभर पिल्लं अख्खं पठार ओलांडून येत होती. आज त्या वाटेवर प्रकाशम बॅरेज, नागार्जुनसागर, श्रीशैलम, नारायणपूर, अलमट्टी अशी रांग उभी आहे. वरच्या कृष्णेत अहीर मिळाला, तर त्याच्या कानातला खडा जपून ठेवावा. समुद्राची खूण त्यात बेसॉल्टमुळे झाकली जात नाही.

आता उतरणीकडे. पूर ओसरू लागला की अंडी घातलेले मोठे मासे आणि बोटाएवढी पिल्लं खालच्या डोहांकडे निघतात, कारण वरची पात्रं उन्हाळ्यात आटतात. याच सुमारास, ऑक्टोबरमध्ये, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बरगे, म्हणजे गाळे बंद करणाऱ्या फळ्या, घालतात. पावसाळ्यात हे गाळे मोकळे असतात, म्हणून ‘हे बंधारे माशाला अडवत नाहीत’ असं ऐकू येतं. चढणीपुरतं ते बरंचसं खरं आहे. उतरणीपुरतं नाही. बरग्यांवरून पाणी सांडत असेल तर पिल्लं त्याबरोबर खाली पडतात, आणि खाली दगडी फरशी आहे की खोल पाणी यावर त्यांचा जीव ठरतो. पाणी सांडत नसेल तर ती वर अडकतात, आणि हिवाळ्यात तेवढ्या साचलेल्या पाण्यात मासेमारी जोरात असते.

उतरण मोजायला बारीक आसाची शंकूसारखी जाळी प्रवाहात तोंड करून रात्रभर लावतात, कारण पिल्लं बहुधा अंधारात वाहतात. भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत. तिथे अंधारात पाण्यात उतरायचं नाही, जाळं संध्याकाळी होडीतून किंवा पुलावरून बांधायचं आणि उजाडल्यावर काढायचं. चांदोली आणि कोयना परिसर सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो, तिथे वनखात्याची परवानगी आधी काढावी लागते.

जगभरात नोंद असलेल्या गोड्या पाण्यातल्या स्थलांतरी माशांची संख्या १९७० ते २०२० या काळात सरासरी ८१ टक्क्यांनी घटली. उपाय म्हणून मत्स्यसोपानांची मागणी होते. पण सामनसाठी बांधलेल्या उंच पायऱ्या शिवडा, वाम, मळ्या यांच्या उपयोगाच्या नाहीत. आपल्या बंधाऱ्यांना बाजूने काढलेला, दगडगोट्यांचा मंद उताराचा चर जास्त शोभेल. त्याआधी एक बिनखर्चाची गोष्ट करून पाहता येते: एका बंधाऱ्याचे एक-दोन गाळे नोव्हेंबरअखेरपर्यंत वरून हातभर मोकळे ठेवायचे, शेजारच्या बंधाऱ्यात नेहमीसारखे बरगे घालायचे, आणि दोन्हींखाली तीच जाळी लावायची. कोणत्या तारखेला किती बरगे बसले याची नोंद पाटबंधारे खात्याच्या कर्मचाऱ्याकडून रोज घ्यायची. त्या वहीशेजारी माशांची वही ठेवून निदान तीन पावसाळे वाचल्या, तर बरगे आठ दिवस उशिरा घातल्याने किती पिल्लं सुटतात, हे आकड्यांत मांडता येईल, आणि मग पाणीवापर संस्थांच्या बैठकीत त्यावर बोलता येईल.