प्योंगयांगला निघण्याआधी

उत्तर कोरियाने जानेवारी २०२०मध्ये सीमा बंद केल्या. तेव्हापासून पर्यटकांसाठी दार क्वचितच किलकिलं होतं. संधी मिळालीच तर आधी दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन या. तिथल्या रुग्णालयांत औषधांची, भुलीच्या साहित्याची, अगदी विजेचीही चणचण असते आणि कोपऱ्यावरचं मेडिकल विसराच. रोजच्या गोळ्या लागतील त्याहून थोड्या जास्त, मूळ पाकिटात, हातातल्या बॅगेत ठेवाव्यात. सोबतच्या चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव हवं. आपले ब्रँड तिकडे कोण ओळखणार?

हिपॅटायटिस ए आणि टायफॉइडची लस घ्यावी. उन्हाळ्यात ग्रामीण भागात जाणार असाल तर जपानी मेंदूज्वराच्या लशीबद्दलही विचारा. दक्षिण सीमेलगत व्हायवॅक्स जातीचा हिवताप आढळतो. नळाचं पाणी टाळा.

गंभीर आजारात रुग्णाला विमानाने बाहेर, बहुधा बीजिंगला, हलवावं लागतं. त्याला सरकारी परवानगी लागते, वेळ जातो आणि खर्च अफाट. अनेक विमा पॉलिसी या देशाला वगळतात, तेव्हा बारीक अक्षरं वाचाच. आपला मोबाइल तिथे रोमिंगवर चालत नाही, म्हणून ‘डॉक्टरांना फोन करून विचारू’ हा भरवसाही नको. चीनमार्गे जाणार असाल तर तिथला व्हिसा किमान दोन प्रवेशांचा घ्या.