जिन्याखालची गियरची सायकल आणि चिखलातली शर्यत

अनेक घरांत अशी एक सायकल असते. दहावीच्या निकालानंतर मुलाला हौसेने घेऊन दिलेली, जाड टायरची, गियरची. पुढे मुलगा कामाला लागतो, घरात मोटारसायकल येते आणि ही सायकल जिन्याखाली जाऊन पडते. भंगारवाला किलोच्या भावाने तिचे पैसे देतो. ते पैसे घेण्यापूर्वी सायकल एकदा नीट पाहावी. कारण युरोपात ‘सायक्लोक्रॉस’ नावाची जी सायकल कामगाराच्या कित्येक महिन्यांच्या पगाराइतक्या किमतीला विकली जाते, तिच्या जवळपास जाणारी सायकल या जुन्या सांगाड्यातून घरी तयार करता येते.

सायक्लोक्रॉस हा हिवाळ्यातला खेळ. फ्रान्स, बेल्जियम या देशांत रान, चिखल, वाळू, पायऱ्या अशा वाटेने सुमारे तासभर ही शर्यत चालते. जिथे सायकल चालवणे शक्य नाही तिथे स्वार उडी मारून उतरतो, सायकल खांद्यावर घेऊन धावतो आणि धावता धावताच पुन्हा बसतो. फ्रान्समधली पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९०२ साली डॅनियल गुसो यांनी भरवली. ऑक्ताव्ह लापीझ याने १९१० साली ‘टूर द फ्रान्स’ जिंकली व आपल्या यशात या चिखलातल्या सरावाचा वाटा मोठा आहे असे सांगितले, तेव्हा या खेळाचे नाव झाले. पहिली जागतिक स्पर्धा १९५० साली पॅरिसला झाली. स्त्रियांसाठी मात्र ती २००० साली सुरू झाली. पन्नास वर्षे का लागली, हे संबंधितांनाच विचारले पाहिजे.

या खेळाची सायकल हलकी असते. हँडल खाली वळलेले, टायर अरुंद पण नक्षीचे, आणि चाक व चिमटा यांच्यामध्ये चिखल अडकू नये इतकी मोकळी जागा. आता जिन्याखालची सायकल पाहा. मोकळी जागा तिच्यात आधीच आहे, कारण ती डोंगरासाठी बनवलेली आहे. आणि ही डोंगरी सायकल तरी कुठून आली? १९७० च्या दशकात अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात काही तरुण अडगळीतल्या जुन्या, वजनदार सायकली घेऊन डोंगरावरून खाली सुटत. १९७६ साली त्यांनी तिथे शर्यत सुरू केली. तिचे नाव ‘रीपॅक’. उतारावर मागच्या ब्रेकमधले ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते पुन्हा भरावे लागे, म्हणून हे नाव पडले. डोंगरी सायकलीचा जन्मच मुळी अडगळीतला आहे. तेव्हा जुन्या सायकलीला हात घालताना संकोच कशाला?

कामाला लागण्यापूर्वी सांगाडा तपासा. पुढे-मागे शॉकअप असलेली सायकल या कामाची नाही. ती जड असते आणि पायाचा जोर शॉकअपच खातो. साधा लोखंडी चिमटा असलेली उत्तम. हँडलखालचा जोड आणि पायडलजवळचा जोड फडक्याने पुसून उजेडात पाहा. रंगाला केसासारखी रेघ गेलेली दिसली तर वेल्डिंग करून भागवू नका, ती सायकल खरोखरच भंगारात द्या.

मग स्टँड, कॅरिअर, मडगार्ड, बाटलीची जाळी काढून टाका. पाना घेऊन तासाभराचे काम, खर्च शून्य, आणि सायकल उचलताना फरक लगेच कळतो. चाकाची आऊट काढून घ्या, छर्रे धुऊन नवे ग्रीस भरा, चेन झिजली असेल तर बदला.

टायर घेताना फसगत होते. दुकानात ‘सव्वीसचा’ टायर मागितला की कोणताही सव्वीसचा मिळतो. पण टायरच्या कडेवर एक आकडा छापलेला असतो. डोंगरी सायकलीच्या टायरवर ५५९ हा आकडा असतो, २६ × १ ३/८ लिहिलेल्या टायरवर ५९०. दोन्ही सव्वीसचेच, पण एकाच्या रिमवर दुसरा बसत नाही. आपल्याला ५५९ चा, सुमारे दीड इंच रुंद, मध्ये बारीक व कडांना ठळक नक्षी असलेला टायर हवा. शर्यतीच्या आंतरराष्ट्रीय नियमात ३३ मिलिमीटरपेक्षा रुंद टायर चालत नाही, पण आपल्या पावसाळी रस्त्यांना तो नियम लागू नाही. शर्यतीच्या सायकलीचे मोठे, ६२२ चे चाक बसवण्याचा मोहही टाळावा. त्याची रिम एकतीस मिलिमीटर वर जाते आणि ब्रेकचे रबर तिथपर्यंत पोहोचत नाही.

आता हँडल. वळलेले हँडल दिसते झकास आणि मुलांचे मन तिथेच अडकते. १९९० साली जॉन टोमॅक या अमेरिकी स्वाराने डोंगरी शर्यतीत असेच हँडल लावले होते, तेव्हा ही कल्पना वेडगळ नाही. पण त्याच्यामागोमाग खर्च येतो. वळलेल्या हँडलची नळी जाड असते, म्हणून जुने ब्रेक लीव्हर आणि गियरचे खटके तिच्यावर बसत नाहीत. हात पुढे जातात, म्हणून स्टेम आखूड आणि उंच घ्यावा लागतो, नाहीतर पाठ धरते.

आणि मुख्य प्रश्न ब्रेकचा. आपल्याकडच्या बहुतेक गियरच्या सायकलींना ‘व्ही’ ब्रेक असतो : चाकाच्या दोन बाजूंना दोन लांब उभे हात आणि त्यांना आडवी जोडणारी वायर. या ब्रेकला वायर बरीच ओढावी लागते. वळलेल्या हँडलचा साधा लीव्हर तेवढी ओढत नाही. जागेवर उभे राहून दाबले तर सगळे ठीक वाटते; उतारावर मात्र लीव्हर हँडलला टेकतो आणि रबर रिमला पुरते दाबले जात नाही. समोर ट्रक असेल तर काय होईल ते सांगायला नको. उपाय दोन आहेत. ‘व्ही’ ब्रेकसाठीच बनवलेले वळलेल्या हँडलचे लीव्हर घ्यावेत, किंवा त्याच खुंट्यांवर आखूड हातांचा जुना कँटिलिव्हर ब्रेक बसवावा आणि त्याची वायर अडवणारी पट्टी पुढे-मागे लावावी. ‘चालवून घे, सवय होईल’ असे मिस्त्री म्हणाला, तर सायकल घेऊन परत या.

आमचे मत विचाराल तर पहिले वर्ष सरळ हँडलच ठेवावे. जुने लीव्हर, जुने ब्रेक, जुने गियर तसेच राहतात. पैसे लागतात ते टायर, ब्रेकचे रबर, वायर आणि ग्रीस यांना. इंग्लंड-अमेरिकेतल्या कित्येक हौशी शर्यतींत सरळ हँडलच्या डोंगरी सायकली घेऊन लोक उतरतात, कोणी हसत नाही. पुढचे तीन दाते-चक्रांचे गियर काढून एकच मधले चक्र ठेवले, तर एक खटका, एक वायर आणि चेन पडण्याचे एक कारण कमी होते. मात्र चक्र एकटे ठेवल्यावर चेन उडू नये म्हणून दोन्ही बाजूंना आडोसा हवा. जुने मोठे चक्र दाते घासून बाहेरून लावले तरी भागते.

पहिली फेरी मोकळ्या मैदानावर मारा. आधी सावकाश, मग वेगाने, पुढचा आणि मागचा ब्रेक वेगवेगळा दाबून पाहा. नंतर रिमवर पाणी ओतून तेच पुन्हा करा; ओल्या रिमवर सायकल थांबायला किती जास्त जागा लागते, हे मुलाने किंवा मुलीने मैदानातच अनुभवले पाहिजे. नवी वायर पहिल्या आठवड्यात सैल पडते, ती ओढून घ्यावी. स्टेम, सीट आणि चाकांचे नट त्याच वेळी पुन्हा आवळावेत.