'हेनेराल लुना' : एका पराभवाचा चित्रपट आणि त्याचे परीक्षण

फिलिपिन्सच्या चित्रपटसृष्टीला राष्ट्रेतिहासाचा विषय नवा नाही. जेरार्दो दे लेओन यांनी १९६१ व १९६२ साली होसे रिसाल यांच्या दोन्ही कादंबऱ्या पडद्यावर आणल्या, आणि स्वातंत्र्यघोषणेच्या शताब्दीवर्षी, १९९८ मध्ये, मारिलू दियास-आबाया यांनी खुद्द रिसाल यांचे चरित्रच विस्ताराने चित्रित केले. परंतु देशासाठी देह ठेवणाऱ्या पुरुषाचे पूजन करण्यापलीकडे जाऊन, त्याचा देह ठेवविणाऱ्या स्वकीयांची जबानी प्रेक्षकांसमोर घेण्याचे धैर्य जेरोल्ड तारोग यांच्या २०१५ सालच्या 'हेनेराल लुना'ने जसे दाखविले, तसे त्यापूर्वीच्या फारच थोड्या चित्रपटांनी दाखविले होते.

चित्रपटाचा इतिवृत्तान्त मुळातच दारुण आहे. १८९८ च्या डिसेंबरात पॅरिस येथे झालेल्या तहनाम्यान्वये स्पेनने दोन कोटी डॉलर घेऊन हा सारा मुलूख अमेरिकेच्या हवाली केला, आणि ज्या प्रजासत्ताकाची राज्यघटना मालोलोस येथे नुकतीच जाहीर झाली होती, त्यावर १८९९ च्या फेब्रुवारीत नवे युद्ध कोसळले. या युद्धात फौजेचे सूत्रचालन ज्याच्याकडे आले तो आंतोनियो लुना हा शिक्षणाने औषधशास्त्रज्ञ, माद्रिदच्या विद्यापीठाचा डॉक्टर, वृत्तीने लेखक आणि 'ला इंदेपेंदेन्सिया' या वृत्तपत्राचा संस्थापक होता. शिस्तीवाचून फौज म्हणजे केवळ जमाव, हे त्याने ओळखले होते. पण हुकूम मोडणाऱ्यास चौकशीवाचून देहान्त देण्याचे जे फर्मान त्याने काढले, त्याने शत्रूपेक्षा स्वकीयच अधिक बिथरले. कालोओकानच्या लढाईत कावितच्या तुकडीने, आपण केवळ अध्यक्ष आगिनाल्दो यांचाच हुकूम मानतो, असे सांगून आगेकूच नाकारली, तेव्हा लुनाने त्या तुकडीची शस्त्रे काढून घेतली. कावित हे आगिनाल्दो यांचे जन्मगाव. पुढे ५ जून १८९९ रोजी अध्यक्षांच्या भेटीचा तारेने निरोप आला म्हणून लुना काबानातुआनच्या मठात पोहोचला, तेव्हा अध्यक्ष तेथे नव्हते. कावितचेच सैनिक होते. लुना आणि त्याचा सहकारी कर्नल फ्रान्सिस्को रोमान या दोघांचाही त्यांनी वध केला, आणि या गुन्ह्याबद्दल कोणासही शासन झाले नाही.

हा वध तारोग यांनी ज्या निर्दयतेने चित्रित केला आहे, ती निर्दयता मला सर्वथा योग्य वाटते. वार, गोळ्या, पुन्हा वार. आणि मठाच्या खिडकीतून तो अजून हालतो आहे काय, असे विचारणारी अध्यक्षांची वृद्ध माता. त्यानंतर दोन्ही प्रेते ओढत नेली जातात तेव्हा चौकटीतील छायाप्रकाश आणि देहांची मांडणी 'स्पोलियारियुम' या चित्राचा आकार घेते, आणि ते चित्र ठाऊक असणाऱ्यास या ठिकाणी श्वास घेणे जड जाते. कारण रोमन आखाड्यात मेलेल्या मल्लांची प्रेते फरपटत नेली जाण्याचे ते प्रचंड तैलचित्र, ज्याला १८८४ च्या माद्रिद प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले, ते आंतोनियोचा सख्खा ज्येष्ठ बंधू हुआन लुना याच्याच कुंचल्याचे आहे. परकीय सत्तेखाली चिरडलेल्या देशाचे रूपक म्हणून जे चित्र फिलिपिनी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले, त्यात ओढणारे हातही आपलेच असू शकतात, हे एकाही शब्दाचा आधार न घेता येथे सांगितले आहे. माझ्या मते संपूर्ण चित्रपटाचा अर्थ या एका चौकटीत साठलेला आहे.

नायकाची भूमिका करणारे जॉन आर्सिया यांची मुक्तकंठाने स्तुती झाली, ती यथार्थच होती. त्यांचा लुना ओरडतो, शिव्या देतो, मंत्रिमंडळाच्या बैठकीत सहकाऱ्यावर हात टाकतो आणि दुसऱ्याच क्षणी गिटार वाजवीत बसतो. या विसंगतीतूनच तो सजीव होतो.

लोकस्वागताची कथाही चित्रपटाइतकीच नाट्यमय आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये तो प्रदर्शित झाला तेव्हा गर्दीअभावी चित्रपटगृहांनी त्याचे खेळ झपाट्याने कमी करण्यास आरंभ केला. परंतु ज्यांनी तो पाहिला होता त्यांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, समाजमाध्यमांतून असा गजर केला, की मागे घेतलेले पडदे त्यास परत मिळाले. सुमारे आठ कोटी पेसो खर्चून काढलेल्या या चित्रपटाने अखेर पंचवीस कोटींहून अधिक मिळविले, आणि ऑस्करसाठी देशाची अधिकृत प्रवेशिका म्हणून त्याचीच निवड झाली. याच सुमारास, मुत्सद्दी आपोलिनारियो माबिनी चित्रपटभर बसूनच का असतो, असे काही विद्यार्थ्यांनी ती भूमिका करणाऱ्या नटास विचारल्याचे वृत्त देशभर गाजले. माबिनीचे पाय पक्षाघाताने लुळे पडले होते, ही गोष्ट शाळेच्या इयत्तांतून शिकविली जाते. म्हणून या प्रश्नावर पुष्कळांनी शोक केला. मला त्या मुलांचा राग येत नाही. ज्याचे चित्र ते नाण्यांवर आणि पाठ्यपुस्तकांत पाहत आले, त्याच्याविषयी त्यांनी प्रथमच काही विचारले, आणि ते एका चित्रपटामुळे.

विचक्षण परीक्षकांचे आक्षेप मात्र गंभीरपणे घेतले पाहिजेत. आगिनाल्दो यांचे चित्र एकरंगी झाले, हा त्यांपैकी पहिला. तीनच वर्षांपूर्वी 'एल प्रेसिदेन्ते' या चित्रपटात हेच आगिनाल्दो निष्कलंक नायक म्हणून वावरले होते. येथे ते मसलती करणारे थंड कारस्थानी झाले, आणि वधाचा हुकूम कोणी दिला या वादग्रस्त प्रश्नाचे उत्तर प्रेक्षक मनाशी ठरवूनच बाहेर पडला. वस्तुस्थिती व कल्पना यांचे मिश्रण केल्याची कबुली चित्रपट आरंभीच देतो, आणि लुनाची मुलाखत घेणारा होवेन हा तरुण पत्रकारही काल्पनिकच आहे. तथापि आरंभीची सूचना शेवटापर्यंत कोण ध्यानात ठेवतो? दुसरा आक्षेप याहून खोल आहे. निवडणुकीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या देशात, चौकशीवाचून देहान्ताचे फर्मान काढणाऱ्या संतप्त पुरुषावर टाळ्यांचा वर्षाव होणे हे चिंताजनक आहे, असे काहींनी म्हटले. चित्रपट लुनाचा क्रोध हाच त्याच्या नाशाचे एक कारण म्हणून दाखवितो, हे खरे. परंतु आर्सिया यांचा अभिनय इतका मोहक आहे, की ते कारण प्रेक्षकाच्या पदरात नीट पडत नाही. हा दोष मी दिग्दर्शकाच्या माथी मारतो, आणि तारोग यांनाही तो जाणवला असावा, असा माझा तर्क आहे.

कारण २०१८ साली त्यांनी याच कथेचा उत्तरार्ध 'गोयो : आंग बातांग हेनेराल' या नावाने काढला, तेव्हा नायक म्हणून निवडला तो अवघ्या चोविसाव्या वर्षी तिराद खिंडीत पडलेला ग्रेगोरियो देल पिलार, आणि त्याच्या भोवतीचे वीरत्वाचे वलय त्यांनी हलक्या हाताने, पण निश्चयाने उतरविले. स्वतःच्या कीर्तीने भांबावलेला, अध्यक्षांच्या मर्जीतला, आपण योद्धे आहोत की केवळ एका माणसाचे पाळीव सेवक, या शंकेने पोखरलेला तरुण पाउलो आवेलिनो यांनी फार संयमाने उभा केला. अडीच तासांहून दीर्घ अशा त्या चित्रपटाला पहिल्यासारखी गर्दी लोटली नाही. ज्या प्रेक्षकांनी लुनाच्या गर्जनेला दाद दिली होती, त्यांना हा विषण्ण, संथ आणि उत्तरे न देणारा चित्रपट रुचणे कठीणच होते. मला स्वतःला मात्र दोहोंत तोच अधिक परिपक्व वाटतो.